चायना बंद पडली

सिल्वासाच्या टोकरखाड्यात येऊन झिपरू महाजनांचं घर कुठलं असं विचारलंत, तर लोक तुमच्याकडेच बघत बसतील. 'चायनावाले काका' म्हणा, पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे बोट दाखवतील. बिचाऱ्यांनी आयुष्यभरात चीनवर जेवढा राग काढला तेवढा सख्ख्या मेव्हण्यांवरही काढला नसेल, आणि गल्लीने त्यांना नेमकं तेच नाव चिकटवलं. सुरुवातीला ते चिडायचे. मग गॅसचा सिलिंडर आणणाराही 'चायनावाला का घर यही है क्या' असं ओरडू लागला, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

झिपरूदादा मूळचे शिरपूरकडचे. सिल्वासात फॅक्टऱ्या धडाधड उभ्या राहत होत्या त्या काळात मामाच्या मागोमाग आले, 'दोन वर्षं करतो आणि गावी जातो' म्हणून. ते अजून गावी जातच आहेत. दरम्यान पुतळाबाईंशी लग्न झालं, लेक ममता झाली, टोकरखाड्यात दोन खोल्या झाल्या, डोक्यावरचे केस गेले. घरात अहिराणी, फॅक्टरीत गुजराती आणि कँटीनमध्ये हिंदी अशी त्यांची भाषांची वाटणी होती. देशाविषयी बोलताना मात्र ते एकदम पुस्तकी मराठीत शिरायचे आणि शेवटी खोकायचे.

पूर्वी देशाभिमान त्यांना सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला यायचा, बुंदीबरोबर. मग सीमेवर चिन्यांशी झटापट झाली, टीव्हीवर रोज आरडाओरडा सुरू झाला आणि दादांचा अभिमान कायमचा मुक्कामाला आला. 'आपण आता कुणाला ऐकत नाही,' ते म्हणायचे. 'आपण चंद्रावर उतरलो' हे तर अशा थाटात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, सेकंड शिफ्टला रजा टाकून हे स्वतः जाऊन आले.

घराची झडती झाली. इमर्जन्सी लाइट गेला, दिव्यांच्या माळा गेल्या, ममताच्या केसांच्या पिना गेल्या. डास मारायची रॅकेट गेली. डास मात्र शंभर टक्के देशी असल्यामुळे राहिले. मोबाइल उलटा करून दादांनी चष्म्यातून बराच वेळ वाचला, जोडणी भारतात झाल्याचं दिसलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग ते लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीकडे वळले.

"हात तर लावून बघा," पुतळाबाई म्हणाल्या.

दादांनी हात लावला नाही. माती आपलीच असते, नाव तेवढं चिनी, असं त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं आणि जेवताना लोणचं मागून घेतलं.

घर असं साफ झालं, पण फॅक्टरीचं काय करणार? ते धाग्याच्या फॅक्टरीत होते. प्लास्टिकचा कडक धागा तापवून, पिळून मऊ करायचा, मग तो सुरतेला जाऊन साड्या व्हायचा. त्यासाठी तिथे लांबलचक मशिनी होत्या. एक जुनी जर्मन, दोन सुरतेच्या, आणि एक चिनी. कामगार तिला नुसतं 'चायना' म्हणायचे. 'चायना गरम झाली', 'चायना आज नीट चालत नाही', 'चायनाला तेल दिलं का', असं दिवसभर चाललेलं असायचं. आणि सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून ती चायना दादांच्याच ताब्यात होती! त्यांचे दिवसाचे आठ तास तिची सेवा करण्यात जायचे आणि उरलेले तिला शिव्या घालण्यात. गंमत म्हणजे सगळ्या मशिनींत तीच जास्त कामाची होती. हे दादांना माहीत होतं, म्हणून तर राग दुप्पट.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ममताला स्थळ आलं.

ममता एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगा तुषार, धुळ्याकडचा, नात्यागोत्यातला, नोकरी सिल्वासातच. म्हणजे लग्न करून पोरगी रिक्षाच्या अंतरावर राहणार. पुतळाबाईंनी मनातल्या मनात हळद दळायलाही टाकली होती. मुलगा आला, पोहे आले, आणि दादांनी विचारलं, "करता काय आपण?"

"मशिनी बसवतो, दुरुस्त करतो. कंपनी चीनची आहे. त्यासाठी पुण्यात राहून चिनी भाषा शिकलो."

दादांचा चमचा हवेतच थांबला. "बोलता येते?"

"हो, काका."

"बोला बरं."

तुषार काहीतरी चुंगचांग बोलला.

"म्हणजे काय?"

"पोहे छान झालेत."

पुतळाबाई पदर सावरत लाजल्या. साऱ्या खानदेशी घरांत चिनी भाषेत कौतुक झालेले हे पहिलेच पोहे असावेत. दादांनी मात्र ताटली खाली ठेवली. "आमच्या पोह्यांना चिनी सर्टिफिकेट नको," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना निरोप देताना वर एक वाक्य टाकलं, "विचार करून कळवतो."

या वाक्याचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ममता सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, मला तो आवडलाय. त्याच्यात खोट काय आहे ते सांगा. रक्त तपासून आणू का, कुठल्या देशाचं आहे ते?"

"त्याचं रक्त आपलं आहे गं, जीभ त्यांची आहे," दादा म्हणाले.

त्या दिवसापासून ममताने बापाशी बोलणं कामापुरतं केलं. 'जेवण वाढलंय', 'पाणी गेलंय', बस. पूर्वी दवाखान्यातून आली की कोण सुईला कसं घाबरलं याच्या नकला करून बापाला हसवणारी पोरगी ती. दादांना ते फार लागलं. पण माघार घ्यायची म्हणजे चीनपुढे माघार घेतल्यासारखं होतं, आणि ते तर शक्यच नव्हतं.

अशात दसरा आला. फॅक्टरीत दसऱ्याला मशिनींची पूजा व्हायची आणि पूजेचं ताट दरवर्षी झिपरूदादांच्या हातात असायचं, कारण स्वस्तिक त्यांच्याइतकं सरळ कुणाला जमत नसे. त्यांनी जर्मन मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. सुरतेच्या दोघींना लावलं, हार घातले. मग चायनासमोर आले, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि ताट घेऊन तसेच पुढे जाऊन वजनकाट्याला कुंकू लावलं.

"झिपरूभाई, आ रही गई," कल्पेशभाई मागून म्हणाले. कल्पेशभाई म्हणजे खात्याचे सुपरवायझर, वलसाडचे, देवभोळे आणि पोटाने मोठे.

"नाही राहिली. सोडली," दादा म्हणाले.

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून कल्पेशभाईंनी पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनी चालू केल्या. जर्मन चालली, सुरतेच्या चालल्या. चायनाने एक उचकी दिली, पडद्यावर लाल रंगाची चिनी अक्षरं फेकली आणि ती बंद पडली. बटणं दाबून झाली, वीज काढून पुन्हा लावून झाली. ती ढिम्म. साऱ्या खात्याने आधी तिच्या रिकाम्या गळ्याकडे बघितलं आणि मग दादांकडे.

"चांदलो नथी कर्यो ने!" कुंकू लावलं नाही त्याचंच हे फळ, म्हणून कल्पेशभाईंनी कपाळाला हात लावला. दिवाळीआधी माल सुरतेला जायचा होता.

दादांना आतून मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला आणि मशिनींच्या आवाजात ओरडून सांगितलं, "अवं ऐक, चायना बंद पडनी!"

"काय सांगतस व्हो!" पुतळाबाई म्हणाल्या. फॅक्टरीत त्या नावाची मशीन आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. घरात चायना म्हटलं की एकच चायना. तासाभरात बातमी भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेली, तिथून गल्लीत उतरली, आणि पोरांनी दिवाळीसाठी आणून ठेवलेले सुतळी बॉम्ब टोकरखाड्यात भरदिवसा वाजले. आतली बातमी चायनावाल्या काकांनी स्वतः फोन करून दिली म्हटल्यावर शंका कोण घेणार?

इकडे कल्पेशभाईंनी मशिनीच्या कंपनीला फोन केला आणि दुपारच्या आत माणूस हजर झाला. हातात पेटी, अंगात निळा शर्ट, घामाघूम. तुषार! दादांनी त्याला बघितलं, त्याने दादांना बघितलं. कल्पेशभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "आ अमारा झिपरूभाई. आ मशीन एमनुं छे."

"ओळखतो," तुषार म्हणाला आणि पटकन मशिनीत डोकं घातलं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आलं. मशिनीत मोठं काही बिघडलेलं नव्हतं, पण तिने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं आणि ते उघडायचा आकडा फक्त चीनमधल्या मुख्य इंजिनिअरकडे होता. लिन त्यांचं नाव. पूर्वी ते स्वतः यायचे, हल्ली व्हिसाची भानगड असल्यामुळे फोनवरच दिसायचे. तुषारने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर चष्मा लावलेला, केस विरळ झालेला, पन्नाशीपुढचा माणूस आला. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, हे तर आपल्या झिपरूदादांसारखेच दिसतात." दादांनी रागाने मागे बघितलं.

तुषारने फोन फिरवून खातं दाखवलं. लिनसाहेब मध्येच काहीतरी म्हणाले. तुषारने फोन पटकन मशिनीकडे वळवला.

"काय म्हणाला तो?" दादांनी विचारलं. "शब्दाला शब्द सांग."

"ते विचारतायत, बाकीच्यांच्या गळ्यात फुलं आहेत, हिच्याच का नाहीत?"

हीच ती घडी, असं दादांना वाटलं. इतकी वर्षं टीव्हीला उत्तरं दिली, आज समोर खराखुरा चिनी होता. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि पुस्तकी मराठीत शिरले. "त्यांना सांग, हा देश आता पूर्वीचा राहिलेला नाही. आम्ही कुणाच्या दबावाखाली वाकत नाही. आम्ही चंद्रावर उतरलेले लोक आहोत. आमच्या सीमेकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्यांच्या मशिनीला आमच्याकडे हार मिळत नसतो." मग खोकून म्हणाले, "आणि ऐक. एक शब्द गाळलास, तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. खोटं बोलणाऱ्याला मी पोरगी देत नसतो."

आता कल्पेशभाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते एका बॉक्सवर बसले. तुषारच्या तोंडचं पाणी पळालं. भाषांतर करावं तर लिनसाहेब फोन ठेवणार, मशीन मरणार, बहुधा नोकरीही. न करावं तर ममता जाणार. त्याने फोन तोंडाजवळ धरला आणि चिनीत चार शब्द बोलला.

"एवढंच?" दादा म्हणाले. "मी एवढं बोललो!"

"चिनी भाषा आखूड असते, काका."

मग लिनसाहेब बोलू लागले. ते बोलतच राहिले. हात हलवले, चष्मा काढला, पुसला, घातला, मध्ये तुषारने हळूच काहीतरी उत्तर दिलं त्यावर पुन्हा बोलले.

"काय म्हणतो?"

"म्हणतायत, बरं."

"एवढं लांबलचक बरं? आणि भाषा आखूड ना?"

खात्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. तुषार कानापर्यंत लाल झाला. त्याने फोन खाली धरला आणि म्हणाला, "काका, खोटं बोललो. तुमचं भाषण मी सांगितलंच नाही. मी म्हटलं, आमचे काका रागावलेत, म्हणून हार राहिला. ते विचारतायत, राग कशाचा, आणि हे काका तुझे कोण? मी सांगितलं, माझे सासरे झाले असते, पण मी चिनी बोलतो म्हणून नाही म्हणाले." त्याने बाहीने घाम पुसला. "आता नकारच द्यायचा असेल तर द्या. पण खरं काय ते सांगितलं."

दादा काही बोलणार, तोच फोनमधून लिनसाहेबांचा आवाज आला. त्यांनी दोन बोटं वर करून एकमेकांना चिकटवली आणि मशिनीकडे बोट दाखवलं.

"आता काय?"

तुषार पुटपुटला, "ते म्हणतायत, आधी लग्नाला हो म्हणा, मग कुलपाचा आकडा देतो."

झिपरूदादांचा आवाज थेट खानवेलच्या जंगलापर्यंत गेला असेल. "आमच्या घरगुती बाबतीत परक्या देशाचा हस्तक्षेप! अजिबात चालणार नाही! मशीन सडली तरी चालेल!"

"झिपरूभाई, हा बोली दो ने!" कल्पेशभाईंनी हात जोडले. "दिकरीनुं पण भलुं, मशीननुं पण भलुं."

"दबावाखाली नाही!" दादा गरजले आणि हाताची घडी घालून चायनाकडे पाठ करून उभे राहिले. खरं म्हणजे त्या घडीला त्यांना ममताचा चेहरा दिसत होता. हो म्हणायला जीभ तयारही होती. पण जगातल्या एवढ्या मोठ्या महासत्तेने मान पिरगाळून हो म्हणवून घ्यावं, म्हणजे उद्या टोकरखाड्यात तोंड कसं दाखवायचं?

पडद्यावर लिनसाहेब हसायला लागले. पोट धरून हसले. मग एकेक आकडा सांगत गेले, तुषार दाबत गेला, लाल अक्षरं हिरवी झाली आणि चायना घरघरत सुरू झाली. धागा सरसर पळू लागला.

"असाच दिला?" दादा वळून म्हणाले.

"गंमत करत होतो म्हणतायत. त्यांनाही एकच मुलगी आहे. पार दुसऱ्या टोकाला दिलीय, त्यांच्या नवीन वर्षाला तेवढी येते. त्यांनीही हो म्हणायला फार दिवस लावले होते." तुषारने पुढचं ऐकून घेतलं. "आणि एक विनंती आहे म्हणतायत. ही मशीन त्यांनी स्वतः जोडून पाठवली होती. काम वाईट करत असेल तर बोला. पण एवढ्या लांब दिली आहे, तिला चारचौघींत वेगळी ठेवू नका."

दादा उभेच राहिले. उद्या ममता अशीच कुणाच्या तरी घरी जाईल. तिथे सगळ्या सुनांना कुंकू लागेल, ओटी भरली जाईल, आणि कुणीतरी ताट घेऊन तिच्या पुढून निघून जाईल, कारण तिच्या बापाचं कुणाशी तरी वैर आहे. सगळ्या खात्यादेखत त्यांनी डोळे पुसले, आणि धाग्याच्या धुळीवर ढकलायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी देवाच्या फळीवरून कुंकवाची डबी आणली, चायनाला सरळ, सुरेख स्वस्तिक काढलं, आणि जर्मनच्या गळ्यातला अर्धा हार तोडून हिच्या गळ्यात घातला.

मग मशीन चालतेय ना, आकडा परत मागणार नाही ना, याची खात्री करून ते तुषारकडे वळले. "आता माझ्यावर कुणाचा दबाव आहे?"

"नाही, काका."

"कल्पेशभाई, तुम्ही साक्षीला. कोणताही दबाव नाही. हा निर्णय स्वतंत्र आहे." मग पुन्हा तुषारला म्हणाले, "रविवारी आईवडिलांना घेऊन ये. पोरगी दिली. आणि त्याला सांग, लग्नाला यायचं. व्हिसाचं काय ते तो बघेल, पण आमंत्रण माझं. शब्दाला शब्द सांग!"

या वेळी तुषारने शब्दाला शब्द सांगितलं. ते पडद्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

संध्याकाळी दादा गल्लीत शिरले, तर लोक गुलाल घेऊन वाट बघत होते. "काका, चायना बंद पडली ना?"

"सुरू झाली," दादा म्हणाले आणि चालत राहिले. मागे गुलालाच्या पुड्या पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या.

ममता दारातच होती. तुषारचा फोन तिला आधीच आलेला असणार, कारण ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. बऱ्याच दिवसांनी ती कामापलीकडचं बोलली. "पप्पा, खरंच चिनी माणसाला लग्नाला बोलावलंत? त्याला जेवायला काय घालणार?"

"चायनीजचा स्टॉल लावू या," पुतळाबाई म्हणाल्या.

"मांडवात चायनीज येणार नाही," दादा ठामपणे म्हणाले. "वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि आपली शेवभाजी. वर बोटभर तर्री. बघू तरी महासत्ता किती बलाढ्य आहे."

"पप्पा, त्यांना एवढं तिखट सोसणार नाही. पाहुणे आहेत ते, थोडं कमी करा."

दादांनी बराच वेळ विचार केला. मिरचीच्या बाबतीत खानदेशी माणसाला मागे हटणं सोपं नसतं.

"तिखट कमी होणार नाही," शेवटी ते म्हणाले. "पण पाण्याचा तांब्या घेऊन मी त्याच्या शेजारी बसेन."